पाठीचं दर्शन

देवळात लोक देवाचं तोंड बघायला जातात. मी गेले की माझी नजर पाठींवर जाते. सवय वाईट आहे, पण पोटापाण्याची आहे. देवासला फिजिओथेरपीच्या कॉलेजात मी शरीररचना शिकवते, आणि पाठ शिकवायला लागले की मला तास संपल्याची घंटा ऐकू येत नाही अशी माझी ख्याती आहे. बसमध्ये पुढे बसलेल्या अनोळखी माणसाचा एक खांदा उचललेला दिसला तरी मला त्याला हटकावंसं वाटतं. नवरा म्हणतो, "देवश्री, लोकांना तोंडंसुद्धा असतात." असतील बापडी.

दसरा झाला आणि रुक्मिणीवहिनीचा धारहून फोन आला. "वन्सं, रविवारी येऊन जा. ह्यांची सेवा काढून घेतायत."

ह्यांची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, श्रीपाददादाची. आमच्या पणजोबांनी धार संस्थानात नोकरी करताना एक लहानसं राममंदिर बांधलं. आता त्याचा ट्रस्ट आहे, गोपाळराव त्याचे अध्यक्ष आहेत, पण पूजेची सेवा आमच्याच घरात राहिली. दादा शाळेत संस्कृत शिकवतो आणि शाळेच्या आधी-नंतर रामाचं करतो. पगार शाळेचा, जीव रामात.

राम उभा आहे, पुरुषभर उंचीचा, आणि खाली हातभर सिंहासन. माळ आणि मुकुट चढवायचा तर दोन्ही हात डोक्याच्या वर न्यावे लागतात. स्टूल घ्या म्हणाल, तर आमच्या देवळात ते चालत नाही. देवाच्या बरोबरीला उभं राहायचं नाही, पाय जमिनीवर ठेवून हात वर करायचे, हा पणजोबांचा दंडक. आमच्या घराण्याला उंची त्याच कामासाठी मिळाली आहे असं आई म्हणायची, आणि माझ्यासारख्या ताडमाड मुलीसाठी स्थळं बघताना तीच आई त्या उंचीला नावं ठेवायची.

दादाचा डावा हात वर्षभर छातीच्या वर जात नव्हता. एका हाताने टाकल्यासारखी तो माळ घालायचा. दसऱ्याला मुकुटही तसाच चढवायला गेला आणि तो रामाच्या कानावरून घसरून, ऐन गर्दीत, दगडावर आपटला. त्यात भर म्हणजे पूजा करताना त्याचं जानवं डाव्या खांद्यावरून सारखं ओघळायचं. "ज्याच्या खांद्यावर जानवं ठरत नाही, त्याची सेवा देवाला नको असते," असं कोणीतरी म्हणालं आणि ते गावभर झालं. असल्या वाक्यांना पाय फार लवकर फुटतात.

डॉक्टर करून झाले होते. धारला दाखवलं, इंदूरला दाखवलं. खांदा जाम झालाय, शेका, तेल लावा. मानेचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ. मी फोनवर विचारलं की दादा म्हणायचा, "शेकतोय, बरं आहे." दादाचं 'बरं आहे' म्हणजे काय ते घर पेटलं तरी कळत नाही.

रविवारी मी पोचले तेव्हा सकाळची आरती सुरू होती. मी मागे, खांबाशी उभी राहिले. दादा गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर, सोवळ्यात. म्हणजे कमरेला रेशमी कद, वर उघडा, आणि त्याला कोणी शिवायचं नाही. दादाचं सोवळं कडक. माझ्या लग्नाच्या दिवशी मी पाया पडायला गेले तर त्याने चार हात लांबूनच आशीर्वाद दिला होता, मी चिडले होते, आणि तो म्हणाला होता, "आशीर्वाद काय हाताने द्यायचा असतो का?"

त्याने उजव्या हाताने पंचारती उचलली, डाव्या हाताने घंटी वाजवायला घेतली, आणि मला त्याची पाठ दिसली.

काय दिसलं ते सांगायचं तर आधी सगळ्यांच्या पाठीत काय असतं ते सांगायला हवं. कवटीच्या मागच्या कडेपासून निघून दोन्ही खांद्यांवर पसरणारा आणि खाली पाठीच्या मध्यापलीकडे टोकाला जाणारा एक मोठा स्नायू आहे, ट्रॅपीझियस. दोन्ही बाजूंचे मिळून पतंगासारखा आकार होतो. मानेपासून खांद्यापर्यंत जो उतार दिसतो, ज्याच्यावर उपरणं, पदर, जानवं ठरतं, तो उतार म्हणजे हा. माणूस हात वर करतो तेव्हा अर्धं काम खांद्याच्या सांध्याचं असतं. पुढचं काम पाठीवरच्या त्या त्रिकोणी पात्याचं. पातं फिरलं तरच हात कानाशी जातो, आणि ते फिरवण्यात मोठा वाटा ह्या ट्रॅपीझियसचा.

दादाच्या उजव्या बाजूला तो होता. डाव्या बाजूला नव्हता.

नव्हता म्हणजे सुकून कातडीला लागला होता. मान आणि खांदा यांच्यामधला उतार जाऊन तिथे खळगा पडला होता. पातं बाहेर आणि खाली सरकलेलं, घंटी हलली की त्याची कड कातडीखाली उचलली जात होती. आणि त्या खळग्यात मला जे दिसलं ते मी आजवर कधी जिवंत माणसात बघितलं नव्हतं. वरचा थर गेल्यामुळे खालचा थर दिसत होता. मानेतून पात्याच्या कोपऱ्याला येणारी लेव्हेटरची दोरी. मणक्यापासून पात्याच्या कडेला तिरके येणारे दोन पट्टे, ऱ्हॉम्बॉइड. मी हे मुलांना प्रेतावर दाखवते, ट्रॅपीझियस चिमट्याने बाजूला करून, तपकिरी, औषधाच्या वासाचे. इथे ते जिवंत होते. घंटीच्या प्रत्येक ठोक्याला आवळत होते, सुटत होते. आपला शेजारी गेला आहे, त्याचं ओझं आपल्यावर आलं आहे, हे जणू त्यांना ठाऊक होतं आणि ते कुरकुर न करता पात्याला धरून उभे होते.

भाऊ अडचणीत आहे आणि मी त्याच्या पाठीकडे बघून थक्क होत्येय, ह्याची लाजही वाटली नाही. सगळे टाळ्या वाजवत रामाकडे बघत होते. मी एकटी खळग्याकडे बघत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. शेजारच्या बाईने मला भक्त समजून हातात फूल दिलं.

आरती संपल्यावर नैवेद्याला वेळ होता. मला दम कुठला! मी मंडपाच्या पायरीशी गेले.

"दादा, पाठ कर माझ्याकडे."

"शिवू नकोस."

"नाही शिवत. दोन्ही खांदे कानाकडे उचल. आता हात बाजूने वर घे. घे. आणखी."

डावा हात छातीशी येऊन थांबला आणि पातं पंखासारखं बाहेर आलं. मी सोवळ्याच्या अंतरावरून त्याची सगळी तपासणी केली, एक बोट न लावता. मग विचारलं, "तुझ्या मानेत काही झालं होतं का? ह्या बाजूला?"

"कुठे काय? हां, ती गाठ."

गाठ! गेल्या वर्षी मानेच्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली होती, ती काढून तपासायला पाठवली होती. घरात सगळ्यांचे देव पाण्यात होते. गाठ साधी निघाली. वहिनीने गल्लीभर पेढे वाटले, देवासला मलाही पाठवले, आणि त्या पेढ्यांबरोबर ती गोष्ट संपली. गाठीबरोबर आणखी काय गेलं हे कोणी विचारलं नाही. हात काही त्या दिवशी पडला नाही. जड वाटत वाटत काही महिन्यांनी खाली आला. आणि दादा डॉक्टरांना गाठीबद्दल बोललाच नाही, कारण त्यांनी खांद्याबद्दल विचारलं होतं.

"डॉक्टरने पाठ बघितली का तुझी?"

"बंडी होती अंगात. परक्याच्या टेबलावर उघडं कशाला बसायचं? मग घरी येऊन पुन्हा आंघोळ. हात फिरवून बघितला की त्यांनी बंडीवरून."

मी कपाळाला हात लावला. ज्यांना कळलं असतं त्यांना हा पाठ दाखवेना, आणि ज्यांना रोज सकाळ-संध्याकाळ उघडी पाठ दिसत होती ते सगळे रामाकडे बघत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

जेवणं झाल्यावर गोपाळराव आले. माणूस वाईट नाही. महसूल खात्यातून निवृत्त झालेले, बोलण्यात अर्धी हिंदी, पण पूजेच्या वेळी शुद्ध जुनं मराठी. राजगढच्या एका पुजाऱ्यांशी बोलून झालं आहे, असं त्यांनी मान खाली घालून सांगितलं. "देखो बेटा, माझं काही वैर आहे का श्रीपादशी? पण देवाचा मुकुट पडला. लोक मला विचारतात ना भैया."

"काका, मुकुट देवाने पाडला नाही. एका दोऱ्याएवढ्या नसेने पाडला." आणि मग मी मंडपातच तास घेतला. वहिनी हात पुसत येऊन बसली.

ट्रॅपीझियसला हुकूम पोचवणारी नस म्हणजे मज्जातंतू. तो मानेतल्याच मज्जारज्जूतून निघतो. तिथून खांदा वीतभर लांब. पण हा सरळ येत नाही. तो आधी वर चढतो, कवटीच्या मोठ्या भोकातून डोक्यात शिरतो, मेंदूच्या पायथ्याशी जाऊन दुसऱ्या भोकातून बाहेर पडतो, आणि मग मानेच्या बाजूने, कातडीच्या अगदी जवळून, खांद्याकडे उतरतो.

"धारहून शेजारच्या अमझेऱ्याला जायचं आणि आधी इंदूरला जाऊन यायचं," वहिनी म्हणाली.

"अगदी तसंच. आणि परत येताना जिथून तो सगळ्यात उथळ जातो, नेमकी तिथेच दादाची गाठ होती. चांगल्या हातांकडूनही तो दुखावतो, इतका बारीक असतो."

"इंदूरला कशाला जातो पण?" गोपाळरावांनी विचारलं.

ह्या प्रश्नावर मी वर्गात नेहमी थांबते. कशाला जातो ते पुस्तकं आपापल्या परीने सांगतात. पण प्रत्येक माणसात, माझ्यात, गोपाळरावांत, बाहेर पोह्यांच्या गाडीवर उभ्या असलेल्या माणसांत, हा तंतू हीच प्रदक्षिणा घालतो आणि कोणालाच माहीत नसतं, ह्याचं मला इतक्या वर्षांनीही नवल वाटतं. तसं मी सांगितलं. गोपाळरावांनी नकळत आपल्या मानेवर हात ठेवला.

"मग आता?" दादाने विचारलं.

तंतू जोडायची वेळ निघून गेली होती. ते सहा महिन्यांच्या आत करायला हवं. पण दुसरा एक उपाय होता. मी तो फक्त वाचला होता. लेव्हेटर आणि ऱ्हॉम्बॉइड, जे खालच्या थरात अजून जिवंत होते, त्यांची पात्यावरची मुळं सोडवून बाहेरच्या बाजूला रोवायची. म्हणजे तेच स्नायू ट्रॅपीझियसच्या जागी उभे राहून पातं फिरवतील. त्यांची नस वेगळी आहे, मानेतून सरळ येणारी, तिला धक्का लागलेला नाही.

"जागा बदलली तर नस तुटणार नाही?" वहिनी म्हणाली.

"वहिनी, पाठीवरचे हे वरवरचे स्नायू मुळात पाठीचे नाहीतच. हाताचे आहेत. गर्भात असताना सरकत सरकत पाठीवर येऊन वसले. कमरेपासून दंडाला जाणारा तो लॅटिसिमस बघ, एवढं मोठं राज्य पाठीवर, पण त्याची नस येते बगलेतून. स्नायू कुठेही जाऊन राहो, आपली जुनी नस बरोबर घेऊन जातो. आपण नाही का इतक्या पिढ्या माळव्यात राहून अजून वन्सं आणि भावोजी म्हणतो?"

वहिनी हसली. दादा हसला नाही.

"ते दोन पट्टे," तो म्हणाला, "आत्ता काय काम करतात?"

"पातं मणक्याकडे ओढतात. तू विहिरीतून पोहरा ओढतोस ना, तेव्हा."

देवळामागे विहीर आहे. रामाच्या स्नानाचं पाणी दादा रोज स्वतः ओढतो, नळाचं चालत नाही. तेवढं एक काम त्या हाताला अजून जमत होतं.

"म्हणजे माळ मिळवायला विहीर गमवायची. आणि माळही नाही मिळाली तर?"

मी लॅटिसिमसकडे बोट दाखवलं, ओढायचं बरंचसं काम तो करतो म्हणाले. पण मी शिकवणारी बाई, कापणारी नव्हे. मला भीती वाटली, आणि ती मी बोलूनही दाखवली. "दादा, मी खात्री देत नाही."

दादाने गाभाऱ्याकडे एकदा बघितलं. मग गोपाळरावांना म्हणाला, "रामनवमीपर्यंत थांबाल का?"

गोपाळरावांनी विचार केला. "थांबतो. राजगढचे पुजारी तोवर करतील. नवमीला दोन्ही हातांनी माळ आणि मुकुट ज्याच्या हातून चढेल, सेवा त्याची. मंजूर?"

"मंजूर," दादा म्हणाला.

इंदूरला माझा मित्र आहे, डॉक्टर अनीश. मी एमएससी करत होते आणि तो एमबीबीएस, तेव्हा आम्ही एकाच टेबलावर प्रेतं कापली होती. तो हाडांचा सर्जन झाला, मी मास्तरीण. दादाने बंडी काढली आणि अनीश मागे जाऊन उभा राहिला. म्हणाला, "देवश्री, ये तो पूरी किताब खुली पडी है."

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. अनीशने मला आत उभं राहू दिलं. दादा पालथा, चेहरा झाकलेला, फक्त पाठ उघडी. मी मनाशी ठरवलं होतं की ही कोणाची पाठ आहे ते आठवायचं नाही. कातडी बाजूला झाली, ट्रॅपीझियसचा उरलेला पिवळट पापुद्रा उचलला गेला, आणि खाली ऱ्हॉम्बॉइड दिसले. ताजे, लाल, ओले. वीस वर्षं मी ज्यांना तपकिरी म्हणून ओळखत होते ते असे असतात! अनीशने एका बारीक सळईने त्यांच्या नसेला विजेचा हलका स्पर्श केला.

"देख अब."

दोन्ही पट्टे उचकी लागल्यासारखे आवळले. दादाचा खांदा टेबलावरून हलला. दादा गाढ बेशुद्ध होता, त्याला राम माहीत नव्हता, मी माहीत नव्हते, आणि तरी ती दोऱ्याएवढी नस म्हणत होती, मी आहे, सांगा काय करायचं. मी हातमोजे घातलेले हात जोडले. तिथल्या नर्सबाईंना वाटलं मला चक्कर येते आहे; त्यांनी मला स्टूल दिलं. आमच्या देवळात ते मिळालं नसतं.

मग दीड-दोन महिने हात अंगाशी बांधलेला. त्या काळात दादा लहान मुलासारखा आज्ञाधारक होता. पट्टा सुटला आणि खरी परीक्षा सुरू झाली. मी दर शनिवारी देवासहून धारला जायची. "दादा, हात वर." हात तिथेच. आधी छातीशी तरी यायचा, आता तेवढाही नाही. "पातं मागे ओढ, मणक्याकडे." दादा तोंड लाल होईपर्यंत जोर करायचा, उजवा खांदा वर जायचा, डावा थंड. अनीश म्हणायचा, धीर धर, स्नायू जुनंच काम ओळखतो, नवं त्याला सांगावं लागतं. सांगत तर होते! कोणत्या भाषेत सांगायचं तेच कळत नव्हतं.

फाल्गुन संपत आला. राजगढचे पुजारी उंच होते, गळा गोड होता, माळ झोकात चढवायचे. लोक खूश होते. एका शनिवारी दादा मला म्हणाला, "देवू, आता पुरे. तू दमलीस." आपण दमलो असं तो कधी म्हणत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन वहिनीपाशी रडले. माझ्या पुस्तकी हुशारीने भावाची उरलेली विहीरही गेली, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी विहिरीवर पाणी ओढत होती. आता ते काम तिच्याकडे आलं होतं. दादा माझ्याकडे पाठ करून, पंचा गुंडाळून, आंघोळीसाठी उभा होता. पोहरा अर्ध्यावर आला आणि रहाटावर दोर अडकला. वहिनीची धडपड चालली.

"अगं, हिसका देऊ नकोस, सावकाश ओढ," दादा म्हणाला, आणि दोर हातात नसताना त्याचं अंग तिच्याबरोबर ओढायला झुकलं.

त्याच्या डाव्या पाठीवर, वणाच्या खाली, काहीतरी उसळलं. पातं फिरलं. इतकंच, करंगळीएवढं. पण ते मणक्याकडे गेलं नाही, वर फिरलं.

"दादा! पुन्हा! पोहरा ओढ!"

"दोर कुठाय माझ्याकडे?"

"नको दोर. मनात ओढ. डोळे मीट आणि विहिरीतून पाणी काढ. पण हात पुढे धर, वर जाऊ दे."

त्याने डोळे मिटले. ओठ आवळले. डावा हात थरथरत निघाला, पोटापासून छातीपर्यंत, आणि छातीच्या वर दोन बोटं गेला. वहिनीच्या हातातून दोर सुटला आणि पोहरा धाडकन खाली पाण्यात पडला. तिकडे कोणी बघितलंही नाही.

त्या स्नायूला 'वर' माहीत नव्हतं. माझं 'मणक्याकडे' तर त्याने कधी ऐकलंच नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरातल्या पुरुषांच्या पाठीने एकच गोष्ट शिकली होती, रामासाठी पाणी ओढायचं. ते सांगितल्याबरोबर तो उठला. मी त्या विहिरीच्या काठावर बसले. किती शिकवलं मी पाठीबद्दल, आणि पाठीला काय माहीत असतं हे मला आत्ता दिसत होतं.

मग रोज सकाळी दादा विहिरीशी उभा राहून, दोर न धरता, मनातलं पाणी ओढू लागला. शेजारपाजारचे म्हणाले मास्तरांचं डोकं गेलं. हात रोज थोडा वर जात होता, पण माळेएवढा गेला नव्हता. नवमीच्या आदल्या दिवशीही कपाळाशी अडला. त्या रात्री घरात कोणी फारसं जेवलं नाही.

रामनवमीला भर दुपारी मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. गोपाळराव गाभाऱ्याच्या दारात, राजगढचे पुजारी बाजूला हात बांधून. दादा सोवळ्यात आला. जानवं डाव्या खांद्यावरून ओघळलं, त्याने वर घेतलं. तो उतार काही परत येणार नव्हता, हे मला माहीत होतं. मी माझ्या खांबाशी, त्याच्या पाठीमागे.

जन्म झाला, गुलाल उडाला. दादाने झेंडूची माळ दोन्ही हातांत घेतली. उजवा हात वर गेला. डावा छातीशी आला, हनुवटीशी आला, कपाळाशी आला, आणि थांबला. माळ तिरकी लोंबकळत राहिली. टाळ थांबले. कोणीतरी चुकचुकलं. राजगढचे पुजारी पुढे झाले आणि गोपाळरावांनी त्यांना हाताने अडवलं.

दादाचे ओठ हलत होते. लोकांना वाटलं मंत्र म्हणतोय. मला ऐकू येत नव्हतं, पण मला पाठ दिसत होती. वणाखाली ते दोन पट्टे आवळले, थरथरले, पुन्हा आवळले. रामाचं पाणी ओढत होते. पातं हळूहळू फिरलं, आणि डावा हात कपाळावरून डोक्यावर गेला, डोक्यावरून रामाच्या खांद्याशी गेला. माळ गळ्यात पडली. मग मुकुट. तो जरा डावीकडे कलला, पण बसला. गोपाळरावांनी सगळ्यात आधी जयजयकार केला आणि नंतर बराच वेळ उपरण्याने नाक पुसत राहिले.

प्रसाद वाटून गर्दी ओसरली. गोपाळराव राजगढच्या पुजाऱ्यांना जेवायला घेऊन गेले. दादा अजून सोवळ्यात, गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसला होता, घामाने निथळत. मी नेहमीच्या अंतरावर जाऊन उभी राहिले.

"देवू," तो म्हणाला आणि माझ्याकडे पाठ फिरवली. "हात लाव."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "दादा, सोवळ्यात आहेस तू."

"आहे ना. ह्याच्यासमोरच लाव. बघ, ओढतात का नीट."

मी हात ठेवला. तळव्याखाली वण, त्याच्याखाली घाम, त्याच्याखाली ते दोघे. दादाने रिकामा हात रामाकडे वर केला आणि ते माझ्या हाताखाली आवळले, गरम आणि घट्ट.

"ओढतात?"

"ओढतात, दादा."

त्याने मान हलवली. मग उठला, ओघळलेलं जानवं वर घेतलं आणि वहिनीला हाक मारली, "अगं, पंचा दे. देवू शिवली, पुन्हा आंघोळ करायला हवी." आणि तो विहिरीकडे गेला. वहिनी पोहरा घ्यायला पुढे झाली, तर त्याने दोर स्वतःच्या हातात घेतला.